रिकाम्या वावरावरचा पहारा

ते म्हातारे मला अजून विसरता आले नाहीत. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेतं वर काढली. त्यातली निम्मी माणसं आज आठवत नाहीत आणि आठवावीत असंही वाटत नाही. पण भर उन्हात, पीक नसलेल्या वावराच्या बांधावर काठी धरून ताठ उभा राहणारा एक म्हातारा अजून डोळ्यांसमोर येतो, आणि आला की त्या दिवशी जेवण गोड लागत नाही. नाव कुणाचंच लिहीत नाही, गावाचंही नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

एकाहत्तरची लढाई संपून वर्ष उलटलं होतं. वाशीम तेव्हा जिल्हा झाला नव्हता, अकोल्याचा एक तालुका होता. मी मूळचा नाशिककडचा. फौजदार म्हणून या भागातल्या एका ठाण्यावर नुकताच बदलून आलो होतो. पावसाने दगा दिलेला, गावोगाव दुष्काळी कामं निघालेली. कुठे खडी फोडणं चालू, कुठे विहिरी खोल करायला सुरुंग लावणं चालू. दिवसातून चारदा कुठून तरी धडाड असा आवाज यायचा आणि ठाण्याच्या खिडक्या थरथरायच्या. ठाणं म्हणजे तीन खोल्या, एक कोठडी, एक जमादार, दहा-बारा शिपाई आणि ढकलल्याशिवाय चालू न होणारी एक जीप. दारात पितळी घंटा टांगलेली. पहाऱ्यावरचा शिपाई तासातासाला तिच्यावर टोले द्यायचा. गावातली निम्मी माणसं त्या टोल्यांवर जेवायला बसायची.

त्या महिन्यात माझ्या हद्दीत दोन घरफोड्या झाल्या होत्या आणि एकीचाही माग लागला नव्हता. अकोल्याच्या बैठकीत वरिष्ठांनी सगळ्यांसमोर माझी चांगली हजेरी घेतली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी जे केलं त्याचं मूळ तिथे आहे. सबब म्हणून सांगत नाही.

एक दिवस टपालात लष्कराचा कागद आला. चोवीस वर्षांचा एक जवान, उजव्या भुवईवर जुना व्रण, लढाईनंतर रजेवर घरी गेला तो परतलाच नाही. फरारी ठरवला आहे, मिळून आल्यास ताब्यात घेऊन कळवावे. गाव माझ्या हद्दीतलं, जऊळका स्टेशनापासून दोन कोसांवर. असे कागद त्या काळी ठाण्यांना येत. पोलीस पाटलाला बोलवायचं, घरी दोन प्रश्न विचारायचे आणि ‘मिळून आला नाही’ असं लिहून कागद परत पाठवायचा, ही रीत. मी नवा होतो, म्हणून स्वतः गेलो.

जवानाचा बाप नव्हता. आई खडीच्या कामावर जायची. हाताला चिंध्या बांधलेली ती बाई माझ्याकडे बघेच ना. म्हणाली, “आल्ता साहेब. चार दिवस राह्यला अन् गेला वापस.” एवढं बोलून ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. पोलीस पाटील माझ्या कानाशी म्हणाले, “हिले इचारून काई फायदा नाई. सुभेदाराले इचारा. या गावातला फौजेतला मानूस म्हनजे त्याईच्या हातातला.”

सुभेदार म्हणजे गावातल्या माजी सैनिकांच्या क्लबाचे प्रमुख. हा क्लब मी आधी ऐकून होतो, पाहिला त्या दिवशी. ग्रामपंचायतीने जुन्या कोंडवाड्याशेजारची पत्र्याची खोली दिलेली. चौदा-पंधरा म्हातारे-अर्धम्हातारे सभासद. कुणी ब्रह्मदेशाची लढाई पाहिलेला, कुणी पासष्टची. खोलीला चुना काढलेला, समोर गेरूने रंगवलेल्या दगडांची ओळ, मधोमध झेंड्याचा खांब. रोज सकाळी साडेसहाला सगळे दाढी करून तिथे हजर. विधवांच्या पेन्शनचे अर्ज लिहायचे, सरहद्दीवरून आलेली पत्रं घरच्यांना वाचून दाखवायची, शाळेतल्या पोरांची कवायत घ्यायची. गावातला कुणी भरती झाला की त्याला जऊळक्याच्या स्टेशनापर्यंत रांगेत पोचवायला जायचं आणि गाडी हलली की सॅल्यूट करायचा, हा त्यांचा रिवाज. सुभेदार बौद्ध, दोन हवालदार पाटलांच्या घरातले, लांगरी म्हणजे पलटणीत स्वयंपाक केलेला एक जण न्हावी. गावात विहिरी अजून वेगळ्या होत्या. त्या खोलीत माठ एक आणि पाणी प्यायचा गडवा एक.

सुभेदार साठीचे, काटक, मिशा कातरलेल्या. मी कागद वाचून दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन पुन्हा स्वतः वाचला. मग विचारलं, “साहेब, एक गोष्ट सांगा. तुमी त्याले पकडलं तं कागदावर काय लिहिता? अन् तो आपनहून हजर झाला तं काय लिहिता?”

मला कायदा सांगायची हौस होती. मी म्हणालो, पकडला तर ‘पकडला’ असं लिहितो, हजर झाला तर ‘हजर झाला’ असं. लष्करी कोर्ट या दोन गोष्टींकडे वेगवेगळं बघतं. हजर होणाऱ्याला थोडक्यावर सोडतात, कधी नोकरीही राहते. पकडून आणलेल्याला तुरुंग, बडतर्फी, आणि जन्मभराचा डाग.

“मंग तो आपनहून हजर झाला पाह्यजे,” सुभेदार म्हणाले.

“कुठे आहे तो?”

“मले माईत नाई.” हे बोलताना ते झेंड्याच्या खांबाकडे बघत होते. ज्याला खोटं बोलायची सवय आहे तो डोळ्यांत डोळे घालून बोलतो. ज्याला नाही तो असा भलतीकडे बघतो. मला हे तेव्हाही कळत होतं. पण साठ वर्षांच्या सुभेदाराला खोटारडा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. ठाण्यात येऊन मी ‘शोध चालू’ असं लिहिलं.

बातमी आली ती भलत्याच वाटेने. आमचा जमादार शेलूबाजारच्या आठवडी बाजाराला बंदोबस्ताला गेला होता. तिथे मेंढ्या विकायला आलेला एक धनगर चहा पिताना त्याला म्हणाला, “जमादारसाहेब, त्या गावचे फौजी म्हातारे येडे झाले का? नाल्यापलीकडच्या रिकाम्या वावराले राखन करून राह्यले. कापसाची पऱ्हाटी उपटून तीन महिने झाले. तिथं ना पीक ना पानी. एक जन येते, दुसरा जाते. जाच्या आंधी एकमेकापुढं ताठ उभे राह्यतात. रिकाम्या वावराले कोन राखन करते?”

जमादार जुना माणूस. त्याने परत येऊन मला सांगितलं आणि गालातल्या गालात हसला. मीही हसलो. दुसऱ्या कुणाला माणूस लपवायचा असता तर त्याने त्या जागेकडे फिरकायचं टाळलं असतं. हे पडले फौजी. जिथे काही मोलाचं ठेवलं तिथे पहारा बसवायचा, पहाऱ्याची बदली वेळेवर करायची, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. पहाराच त्यांचा घात करील हे चौदा जणांत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मी एक शिपाई साध्या वेषात पाठवला. बकऱ्यांचा गिऱ्हाईक म्हणून तो दोन दिवस त्या शिवारात हिंडला. त्याने सांगितलं, वावराच्या कडेला एक कुडाची खोपडी आहे, पन्नास पावलांवर जुनी विहीर. पहारेकरी दर दोन तासांनी बदलतो, दिवसरात्र. उभा राहतो तो अशा जागी, की खोपडीचं दार आणि विहीर दोन्ही नजरेत राहावीत. सावलीचं झाड आहे, पण तिथून विहीर दिसत नाही, म्हणून तिथे कुणी थांबत नाही. खोपडीत कोण आहे ते दिसलं नाही. विहिरीची गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. लपवलेल्या माणसावर पहारा ठेवायचा तर तोंड रस्त्याकडे हवं, विहिरीकडे कशाला? पण माझं डोकं सापळ्यात अडकलं होतं.

सरळ धाड घालायला माझी तयारी नव्हती. काळ्या रानात जीपची धूळ कोसभरावरून दिसते. आत माणूस आहे की नाही, त्याच्याजवळ हत्यार आहे का, काहीच ठाऊक नव्हतं. म्हणून ठरवलं, पहारेकऱ्यांपैकी एकाला उचलायचं आणि त्याच्याकडून काढून घ्यायचं. जमादाराने लांगरी निवडला. सगळ्यांत मऊ तोच असेल, असा आमचा हिशेब. बारा वाजताच्या पाळीला निघालेल्या लांगऱ्याला आम्ही साडेअकरा वाजता गावाबाहेर जीपमध्ये घातलं आणि ठाण्यावर आणलं.

बुटका, गोल पोटाचा माणूस. हातावर जुने भाजल्याचे डाग. त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं. पाणी प्यायला. मी विचारलं, “जवान कुठे आहे?”

तो उठून उभा राहिला. टाचा जुळवल्या, आपला नंबर सांगितला, हुद्दा सांगितला, नाव सांगितलं आणि गप्प झाला. शत्रूच्या हाती सापडलं तर एवढंच सांगायचं, असं त्यांना पलटणीत शिकवलेलं असतं. मी त्याच्या लेखी शत्रू ठरलो होतो. जमादार आवाज चढवून बोलला, टेबलावर काठी आपटली, गुन्हेगाराला लपवल्याबद्दल खडी फोडायला पाठवीन म्हणाला. पुन्हा नंबर, हुद्दा, नाव. मऊ म्हणून निवडलेला माणूस. आमच्या हिशेबाचं हे असं झालं.

दारात बाराचे टोले पडले. लांगऱ्याने मान वर केली. टोले तो ओठांनी मोजत होता. त्यानंतर त्याचं चित्त थाऱ्यावर राहिना. धोतराच्या सोग्याने कपाळ पुसायचा, दाराकडे बघायचा. एकचा टोला पडला तसा म्हणाला, “साहेब, मले जाऊ द्या. संध्याकाळी वापस येतो. माह्या आईची शपथ.”

“कशाला जायचं आहे?”

तो पुन्हा दाराकडे बघायला लागला. आणि मला ते दिसलं. खरं सांगतो, दिसल्यावर मला आनंद झाला. हा माणूस काठीला भ्यायचा नाही. पण याची बदली गेली नाही तर तिकडे कुणीतरी उभा आहे, आणि बदली आल्याशिवाय तो जागा सोडणार नाही. मी जमादाराला बाहेर पाठवलं, खुर्ची सरकवली, ठाण्याच्या नोंदींचा रोजनामचा उघडला आणि लिहायला बसलो. एक शब्द बोललो नाही. वैशाखाचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. दोनचे टोले पडले. लांगरी बाकावरून उठला, पुन्हा बसला. तीनचे पडले. तेव्हा तो माझ्या टेबलाशी आला आणि दोन्ही हात टेबलावर टेकून रडायला लागला.

“साहेब, तिथं हवालदार उभा हाये. दहा वाजल्यापासून. पासष्ट सालची गोळी हाये त्याच्या मांडीत. तो बसाचा नाई साहेब. चार वाजेपर्यंतच्या दोनी पाळ्या माह्याच हायेत, मी गेल्याबिगर तो हलाचा नाई. तुमी मले काहून थांबवून ठेवलं? मराचा तो.”

“मग सांग. जवान कुठे आहे?”

त्याने सगळं सांगितलं. लढाईत जवानाच्या शेजारी खंदकात त्याचा जोडीदार मेला होता आणि दोन दिवस त्या प्रेताशेजारी त्याला बसून राहावं लागलं होतं. रजेवर आला तो बोलायचाच बंद झाला. त्यात गावाजवळ सुरुंग. एक सुरुंग उडाला की हा चुलीमागे जाऊन डोकं धरून बसायचा. रजा संपली त्या दिवशी हा स्टेशनाऐवजी विहिरीकडे चालत निघाला होता. सुभेदारांनी त्याला काठावरून ओढून आणलं. मग क्लबात बैठक झाली. दवाखान्यात नेलं तर वेडा म्हणतील, पोलिसात दिलं तर पकडला म्हणतील. तेव्हा आपणच बरा करायचा, आणि स्वतःच्या पायाने उभा राहिला की पलटणीत नेऊन हजर करायचा. त्यासाठी सुरुंगाचा आवाज कमी येतो असं ते वावर निवडलं. त्यांना ठाऊक असलेलं औषध एकच, फौजेचं. पहाटे पाचला उठवायचं, दाढी, कसरत, घोंगडी चौकोनी घडी करून ठेवायची, मोजून पावलं टाकायची. आणि पहारा होता तो आमच्यासाठी नव्हताच. तो विहिरीसाठी होता.

“आता बोलते साहेब तो,” लांगरी म्हणाला. “परवा मले म्हनाला, दादा, भाकर कच्ची हाये. माह्या भाकरीले कच्ची म्हनाला अन् आमी सारे हासलो. आठ दिवसांनी नेनार होतो त्याले. मी, सुभेदार, दोन हवालदार. वर्दी धुऊन ठेवली हाये त्याची.”

मी उठलो. जीप ढकलून चालू केली. लांगरी मागे बसला होता आणि सारखा म्हणत होता, लवकर चला, लवकर चला. आसामीला पकडायला निघालेल्या पोलिसांना घाई कर म्हणणारा तो माझ्या नोकरीतला पहिला आणि शेवटचा माणूस.

नाल्याच्या अलीकडे गाडीवाटेवर आम्हाला समोरून कुणी येताना दिसलं. आधी कळेना काय आहे ते. मग दिसलं, एक उंच, हडकुळा पोरगेला माणूस पाठीवर एका म्हाताऱ्याला घेऊन चालत येतो आहे. म्हाताऱ्याची मान त्याच्या खांद्यावर पडलेली. बनियन घामाने भिजलेलं, पायांत काही नाही, आणि खालची माती अशी तापलेली की बूट घालूनही मला चटका जाणवत होता. आमचे खाकी कपडे त्याला दिसले. तो थांबला. आजूबाजूला मोकळं रान होतं, नाला होता. पळायचं असतं तर म्हाताऱ्याला टाकून पळता आलं असतं, आणि आमच्यातल्या एकालाही तो सापडला नसता. तो पळाला नाही. आमच्याकडेच चालत आला.

“पानी हाये का?” एवढंच त्याने विचारलं.

जमादाराने सुरई पुढे केली. त्याने स्वतः घोट घेतला नाही. म्हाताऱ्याच्या तोंडावर शिंपडलं, ओठ ओले केले. हवालदाराला जीपमध्ये आडवं केलं. लांगरी त्याचे तळपाय चोळायला लागला. मग तो जवान माझ्यासमोर उभा राहिला, टाचा जुळवल्या, नंबर सांगितला, हुद्दा सांगितला, नाव सांगितलं. आवाज फार दिवस न वापरलेला, घोगरा. म्हणाला, “हजर झालो साहेब. पहिले हवालदारांले दवाखान्यात न्या.”

भुवईवर व्रण होता. मी त्याला बेड्या घातल्या नाहीत. तशी आठवणही झाली नाही.

हवालदाराला दवाखान्यात पोचवलं. तो वाचला. ठाण्यात आलो तेव्हा दिवस कलला होता. जवान कोठडीत शांत बसला होता, अंगाखालची घोंगडी चौकोनी घडी करून. मी अकोल्याला फोन लावला. बऱ्याच वेळाने लाइन मिळाली. फरारी जवान कोठडीत आहे एवढं सांगितलं. वरिष्ठ म्हणाले, “पकडलास? शाब्बास. कसा पकडलास?”

बैठकीत माझी हजेरी घेणारा तोच आवाज. त्या शाब्बासकीची चव काय होती ते मी सांगू शकत नाही. इथे मला एकच वाक्य बोलायचं होतं, की पकडला नाही साहेब, तो स्वतः चालत आला. ते माझ्या जिभेवर आलं असं म्हणणंही खोटं होईल. मी म्हणालो, “सापळा लावला साहेब.” आणि फोन ठेवून तसंच लिहिलं. गुप्त बातमीदाराकडून माहिती मिळवून, पाळत ठेवून, संशयिताकडे कसून चौकशी करून, सदर फरारी जवानास शिताफीने पकडले. त्यातला एकेक तुकडा घडलेलाच होता. बातमी मिळाली होती, पाळत ठेवली होती, चौकशी केली होती. फक्त शेवटचा शब्द घडलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार आले. इस्त्रीचा सदरा, छातीवर पदकं. मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. म्हणाले, “लांगऱ्यानं सांगतलं मले सारं. तुमचा मी राग नाई करत. पन तो आपल्या पायानं तुमच्यापुढं आला, हे लिहिलं ना साहेब?”

मी रोजनामचा मिटून बाजूला सारला. त्यांना उत्तर मिळालं.

“बदला साहेब. एक शब्द हाये.”

मी म्हणालो, “सुभेदारसाहेब, रोजनामच्यात खाडाखोड करता येत नाही. फरारी माणूस लपवल्याबद्दल तुमच्या सगळ्यांवर गुन्हा दाखल करता आला असता. तो मी केलेला नाही. एवढं समजून घ्या.” मला खरंच वाटत होतं की मी त्यांच्यावर उपकार करतो आहे.

“करा ना गुन्हा दाखल,” ते म्हणाले. “माह्यावर करा. चौदाईच्या चौदा जनाईवर करा. आमी बसतो कोठडीत. पन त्याचं तेवढं बदला. तीन महिने एका एका पावलावर उभा केला त्याले.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. मी ‘बघतो’ म्हणालो. बघण्यासारखं बरंच होतं. अहवालाचा लिफाफा माझ्या खणातच होता, टपाल दुपारी जाणार होतं. रोजनामच्यात पुढच्या पानावर खुलासा लिहायला कुणी हात धरला नव्हता. पण मग सापळा कुठला, शाब्बासकी कुठली? दुपारी लिफाफा गेला.

चार दिवसांनी पलटणीचे तीन जण त्याला न्यायला आले. एक नाईक आणि दोन शिपाई, परप्रांतातले. कैदी सोपवायला मी जऊळक्याच्या स्टेशनावर गेलो. छोट्या रुळाची गाडी यायला अवकाश होता. फलाटावर क्लबाचे म्हातारे रांगेत उभे होते, सगळे, पदकं लावून. दवाखान्यातला हवालदार तेवढा नव्हता. जवानाची आई फलाटाच्या टोकाला दगडावर बसली होती, तिच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं.

नाईकाने पिशवीतून बेड्या बाहेर काढल्या. सुभेदार पुढे झाले आणि त्याच्याशी हिंदीत बोलले. गाडीत बसल्यावर काय घालायचं ते घाल, फलाटावर याचे हात मोकळे राहू दे, पळाला तर मी जामीन. नाईक तरुण होता, समोरच्या पदकांकडे बघून अवघडला. त्याने खिशातून माझाच कागद काढला.

“इस में लिखा है सुभेदारसाब, पकड़ा गया है. खुद आया होता तो मैं हाथ भी नहीं लगाता.” आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलेन असं त्याला वाटलं असावं.

मी रुळांकडे बघितलं. त्याने बेड्या घातल्या.

जवानाने माझ्याकडे बघितलं नाही. आईने गाठोडं दिलं तेव्हा ते धरायला त्याला नीट जमेना, शेवटी एका शिपायाने घेतलं. गाडी हलली तसा म्हाताऱ्यांनी सॅल्यूट केला, भरतीच्या वेळी करायचे तसाच. तो खिडकीशी होता. त्याने मान फिरवून घेतली आणि डब्याच्या दुसऱ्या बाजूला बघत राहिला. गाडी नजरेआड झाली तरी सुभेदारांचा हात खाली आला नव्हता. लांगऱ्याने तो धरून खाली घेतला.

माझ्या सेवापुस्तकात ‘उत्तम कामगिरी’ असा शेरा पडला. पुढच्या बैठकीत मला पुढच्या रांगेत बसवलं.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. त्या दोन वर्षांत मी त्या गावाला जायचं टाळत आलो होतो. जाण्याआधी मात्र गेलो. खोली तशीच, चुना काढलेली, पण रांग छोटी झालेली. गोळी लागलेला हवालदार पहाऱ्यावर असताना आपण पडलो या लाजेने पुन्हा क्लबात आलाच नव्हता, ओसरीवर बसून असायचा. लांगरी माझ्याशी बोलला नाही. सुभेदारांनी माठातलं पाणी गडव्यात ओतून दिलं. मी जवानाबद्दल विचारलं.

“झाली सजा,” ते म्हणाले. “तुरुंग झाला, नाव कटलं. सुटून आल्ता. दोन दिवस राह्यला मायपाशी. मी बलावलं, बापा, क्लबात ये, बस आमच्यात. म्हने, मी पकडून आनलेला मानूस हाये, मी त्या खोलीत बसाचा नाई. मंग गेला कुठंशीक. मायले बी माईत नाई.”

मी म्हणालो, “सुभेदारसाहेब, माझं चुकलं.” मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“मनाले लावून नोका घेऊ साहेब,” ते म्हणाले. “तुमी तुमची ड्युटी केली.”

त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं, टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तो पचवला असता, पोलिसाला सवय असते. पुढे मी कितीतरी तरुण फौजदारांना शिकवलं. तपास कसा करायचा, माणूस कुठे हळवा आहे ते कसं ओळखायचं, बोलता कसा करायचा. ते सगळं येतं, सरावाने येतं. सगळ्यांत कठीण काम तपास संपल्यावरचं असतं, जे घडलं तेवढंच लिहिणं. पहारा माझ्याकडेही होता. त्या दिवशी सुभेदारांसमोर मी गडवा खाली ठेवला आणि जीपकडे निघालो. ड्युटी मी केलेली नव्हती. त्या सगळ्या प्रकरणात ती न करणारा मी एकटाच होतो.